रानहत्तीची ओळख : देहरचना, आहार व वावर

घोडबंदरच्या डोंगरात बिबट्या आहे, सांबर आहे, चितळ आहे. हत्ती मात्र नाही. येथून डोंगर ओलांडून कान्हेरीस गेल्यास तेथील चैत्यगृहात काही खांबांच्या माथ्यावर हत्ती कोरलेले दिसतात. घारापुरी बेटावर जो प्रचंड दगडी हत्ती होता, व ज्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलेफंटा हे नाव दिले, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात उभा आहे. साष्टीच्या शेतकऱ्याचा हत्तीशी संबंध हा असा, दगडातील, देवळातील किंवा मिरवणुकीतील हत्तीपुरता आहे.

मग येथे बसून हत्तीवर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकास, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात, २००२ साली कर्नाटकातून रानहत्ती उतरले आणि तेव्हापासून त्या मुलखात त्यांचा वावर सुरू आहे. पुढे ते कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड व आजरा या तालुक्यांतही पोहोचले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यात, ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वीसहून अधिक हत्तींचा एक कळपच आला. ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी रानहत्ती पाहिला नव्हता, तेथे एका रात्रीत माडाची बाग आडवी झालेली पाहण्याचा प्रसंग आला. 'दारी हत्ती झुलणे' हा आपल्या भाषेत वैभवाचा वाक्‌प्रचार आहे. तिळारीच्या खोऱ्यातील बागायतदाराला त्याचा अर्थ आता निराळा झाला आहे.

गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना असे आढळते की, हत्तीविषयी लोकांना भक्ती आहे, भीतीही आहे, परंतु माहिती फार थोडी आहे. ज्याच्याशी गाठ आहे त्या प्राण्याचे शरीर कसे आहे, त्याची भूक किती, तो ऐकतो कसा, चालतो कसा, हे ठाऊक असल्यास पुष्कळ अनर्थ टळतात. यास्तव प्रस्तुत लेखात प्रथम त्याचा देह व जीवनक्रम यांचेच वर्णन केले आहे.

देहरचना

आपल्या देशातील हत्ती हा आशियाई हत्ती होय. आफ्रिकेतील हत्तीपेक्षा तो आकाराने लहान असतो. त्याचे कान लहान, कपाळावर दोन उंचवटे आणि पाठ मध्यभागी फुगीर असते. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याशी उंची साधारणपणे अडीच ते तीन मीटर, म्हणजे आठ ते दहा फूट, भरते; मादी त्याहून फूट-दोन फूट ठेंगणी असते. नराचे वजन साडेतीन ते पाच टन, तर मादीचे अडीच ते तीन टनांच्या आसपास असते. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत आफ्रिकी हत्ती वगळता एवढे अवजड दुसरे कोणी नाही.

हे ओझे पेलण्यासाठी त्याचे पाय खांबासारखे सरळ असतात. परंतु तळवा हा खरा पाहण्यासारखा भाग आहे. हत्ती वस्तुतः बोटांवर चालतो; बोटांच्या मागे, टाचेखाली, मऊ व लवचीक चरबीची जाड गादी असते. पाय टेकला की ही गादी पसरते, उचलला की आक्रसते. त्यामुळे चिखलात रुतलेला पाय त्याला सहज काढता येतो, आणि त्यामुळेच एवढा मोठा प्राणी पाचोळ्यावरूनही फारसा आवाज न करता चालतो. "हत्ती अंगणात आला तरी कळलेच नाही" असे जेव्हा कोणी सांगतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

पुढच्या पायास पाच व मागच्या पायास बहुधा चार नखे असतात. पुढच्या पायाचा ठसा वाटोळा आणि मागच्याचा लांबट असतो. चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्या ठशावरच पडतो. म्हणून दोन्ही ठसे वेगळे दिसतील अशी जागा शोधावी लागते. येथे कार्यकर्त्यांच्या उपयोगाची एक जुनी रीत सांगण्यासारखी आहे. माहूत व शिकारी ती पूर्वीपासून वापरीत आले. पुढच्या पायाच्या स्पष्ट ठशाच्या कडेने सुतळी फिरवून परीघ मोजावा व त्याची दुप्पट करावी. ती त्या हत्तीची खांद्याशी उंची होय. परीघ १३५ सेंटीमीटर भरल्यास हत्ती २७० सेंटीमीटर उंच, म्हणजे बहुतांशी पूर्ण वाढलेला नर असे समजावे. फार ओल्या चिखलात ठसा पसरतो व माप मोठे येते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

कातडी काही ठिकाणी इंचभर जाड असते, तरी ती बथ्थड नव्हे. डासमाश्यांचा दंशही तिला जाणवतो. घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत, ज्या थोड्या आहेत त्या नखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या देहातील उष्णता बाहेर टाकावयाची कशी? हे काम कान करतात. कानाच्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि कान हलवल्याने त्यांतील रक्त निवते. शांत हत्ती कान सारखे हलवीत असतो. हलणारे कान एकाएकी थांबून पसरले गेले, की हत्ती कानोसा घेत आहे असे समजावे. शिवाय तो अंगावर पाणी, चिखल, धूळ उडवून घेतो. याचमुळे त्याचा मूळचा करडा रंग दिसत नाही. ज्या मातीत तो लोळतो त्या मातीचा रंग त्याला येतो. जांभ्याच्या मुलखात तो तांबूस दिसतो.

सोंड म्हणजे नाक व वरचा ओठ यांचा एकजीव झालेला अवयव. तिच्यात एकही हाड नाही. केवळ स्नायूंच्या हजारो जुड्या निरनिराळ्या दिशांनी विणलेल्या असतात. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकास एक बोटासारखा भाग असतो (आफ्रिकी हत्तीस असे दोन), आणि त्याच्या साहाय्याने तो भुईवर पडलेला बारीकसा दाणाही उचलतो. ज्या सोंडेने माड ढकलला जातो, तीच सोंड पिलाच्या पाठीवरून फिरते. हत्ती सोंडेने पाणी पितो हा समज मात्र अर्धाच खरा आहे. सोंडेत सहा-सात लिटर पाणी ओढून तो ते तोंडात सोडतो. नाकाने पाणी पिणे त्याला आपल्याइतकेच अशक्य आहे. गवत उपटल्यावर ते पायावर आपटून त्याची माती झाडण्याची त्याची सवय पाहिली म्हणजे, चारा न झाडता गव्हाणीत टाकणाऱ्या आपल्यापैकी काहींना थोडे ओशाळवाणे वाटावे.

हत्तीचे दाखवायचे दात निराळे आणि खायचे निराळे ही म्हण शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सुळे हे वरच्या जबड्यातील पटाशीचे दात होत. ते जन्मभर वाढतात व त्यांचा बराच भाग कवटीत रुतलेला असतो. आशियाई मादीस मोठे सुळे नसतात. असलीच तर ओठाबाहेर जेमतेम डोकावणारी लहान सुळकी असतात. काही नरांनाही सुळे नसतात. त्यांना मखना म्हणतात. सुळे दिसले नाहीत म्हणून समोरचा हत्ती मादीच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. सुळे असलेल्या नरास कोल्हापूरकडे आता टस्कर हेच नाव रूढ झाले आहे.

खाण्याचे दात म्हणजे दाढा. जबड्याच्या प्रत्येक बाजूस वर एक व खाली एक अशा चारच दाढा एका वेळी प्रामुख्याने कामात असतात. त्या झिजल्या की मागून नवी दाढ पुढे सरकते व जुनीचे तुकडे पडून जातात. आयुष्यात असे सहा संच येतात. सहावी व शेवटची दाढ वीतभराहून लांब असते आणि ती चाळिशीच्या सुमारास कामाला लागते. ती झिजली की पुढे काही नाही. हत्तीचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे, असे जे म्हणतात त्याचे एक कारण हेच. म्हातारा हत्ती पुष्कळदा रोगापेक्षा उपासमारीने मरतो. अखेरच्या काळात तो मऊ चाऱ्याच्या शोधात पाणथळ जागेच्या आसपास राहतो.

भूक आणि पचन

शेतकऱ्याच्या दृष्टीने हत्तीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याची भूक. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो ओला चारा खातो आणि शंभर ते दोनशे लिटर पाणी पितो. याकरिता त्याला चोवीस तासांपैकी चौदा ते अठरा तास चरावे लागते. झोप चारेक तासांची, तीही तुकड्यातुकड्यांनी. तो उभ्याने डुलकी घेतो, परंतु गाढ झोपेसाठी आडवा होतो. हत्ती कधी बसत नाही हा समज खरा नव्हे.

एवढे खाऊनही त्याची पचनशक्ती बेताची असते. गाई-म्हशीप्रमाणे तो रवंथ करीत नाही. चारा आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि खाल्लेल्यापैकी निम्म्याहून कमीच अंगी लागते. बाकीचे लिदीवाटे बाहेर पडते. हत्तीची लीद फोडून पाहिल्यास गवताच्या काड्या, सालीचे तंतू व अखंड बिया दिसतात. फणसाच्या आठळ्या, रानातील कितीतरी वृक्षांच्या बिया अशा मैलोगणती दूर जाऊन खतासह पडतात व रुजतात. हत्ती जंगलाची लागवड करतो असे जे म्हणतात ते या अर्थाने.

रानात त्याचा आहार गवत, बांबू, झाडांच्या साली, पाला, मुळे व फळे असा असतो. आता याची तुलना आपल्या शेताशी करून पाहावी. रानात दीडशे किलो चारा मिळविण्यासाठी हत्तीला रात्रंदिवस हिंडावे लागते. केळीच्या बागेत तोच चारा, मऊ, रसाळ व एका जागी, तासा-दोन तासांत मिळतो. पिकांत रानगवतापेक्षा प्रथिने व क्षार अधिक असतात. हत्तीला हे चवीने कळते. त्यामुळे 'रानात खायला उरले नाही म्हणून हत्ती शेतात येतो' हे विधान सर्वस्वी खरे नाही. रान उजाड झाल्याने तो अधिक येतो हे खरे. परंतु रान हिरवे असतानाही, शेताची चव लागलेला हत्ती शेत सोडीत नाही.

भात पोटरीत येऊन दाणा भरू लागला की त्याच्या फेऱ्या वाढतात. केळीचा तो खांबच सोलून आतला गाभा खातो. माड कपाळाने ढकलून पाडतो व शेंड्यातील कोवळा कोंब खातो. दहा-बारा वर्षे वाढविलेल्या झाडापैकी त्याच्या पोटात जाणारा भाग तेवढाच. सुपारीचेही तसेच. पिकलेल्या फणसाचा वास त्याला फार दुरून येतो. मिरची, हळद, आले, लिंबू या पिकांस तो तुलनेने कमी तोंड लावतो, तथापि वाटेत आल्यास तुडवितो; म्हणून केवळ पीक बदलल्याने शेत सुरक्षित झाले असे कोणी मानू नये.

कळप, पिले आणि माज

हत्तींचे कुटुंब हे मातृप्रधान असते. आजी, तिच्या मुली, नाती व लहान पिले असा कळप, आणि त्याचे नेतृत्व अनुभवी वृद्ध मादीकडे. पाणी कोठे आहे, उन्हाळ्यात कोणत्या दरीत चारा टिकतो, कोणत्या वाटेवर धोका आहे, याचे ज्ञान तिच्या स्मरणात साठलेले असते. कळपाचा संचारप्रदेश काही शे चौरस किलोमीटरांचा असतो. घोडबंदरपासून बोरिवलीपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. बिबट्याला ते पुरते, हत्तींच्या एका कळपाला पुरणार नाही.

नर दहा ते पंधरा वर्षांचा झाला की कळप सोडतो. त्यानंतर तो एकटा किंवा दोघा-तिघा नरांच्या संगतीत राहतो आणि केवळ समागमासाठी कळपात येतो. नवा मुलूख धुंडाळण्याचे साहस बहुधा हे तरुण नरच करतात. शेतात उतरण्यातही तेच पुढे असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. रामन सुकुमार यांनी १९८० नंतरच्या वर्षांत दक्षिणेतील डोंगराळ भागात केलेल्या अभ्यासात, प्रौढ नर हा कळपापेक्षा कितीतरी अधिक रात्री पिकांत उतरतो असे दाखवून दिले. त्याचे कारणही मोठे मार्मिक आहे. चांगला पोसलेला नर मोठा होतो, त्याचा माज अधिक टिकतो आणि त्याला माद्या मिळतात. म्हणजे शेतात शिरण्याचा धोका पत्करणे हे त्याच्या दृष्टीने फायद्याचेच ठरते.

माज म्हणजे काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. डोळा व कान यांच्या मध्ये गंडस्थळावर एक ग्रंथी असते. विशीच्या पुढच्या, सुदृढ नरात ती बहुधा वर्षातून एकदा स्रवू लागते. गालावरून तेलकट, उग्र वासाचा काळपट ओघळ उतरतो, मूत्र सतत ठिबकते, मान उंच राहते. ही अवस्था काही आठवडे, कधी दोन-तीन महिने टिकते आणि त्या काळात त्याच्या रक्तातील नर-संप्रेरकाचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले असते. माजावरील हत्ती कोणाला मोजीत नाही. एरवी माणसाचा वास येताच बाजूला होणारा हत्तीही या काळात अंगावर येऊ शकतो. तेव्हा गालावर ओला पट्टा दिसला की बघ्यांना तात्काळ मागे न्यावे. जवळ जाऊन खात्री करून घेण्याच्या फंदात पडू नये.

मादीला पहिले पिलू पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास होते. गर्भावस्था अठरा ते बावीस महिन्यांची. जन्मतः पिलू सुमारे शंभर किलो वजनाचे व तीन फूट उंच असते, आणि थोड्याच वेळात उभे राहते. मादीची आचळे पुढच्या पायांमध्ये असतात. पिलू सोंड बाजूला करून तोंडानेच दूध पिते. सोंड वापरणे त्याला जन्मतः येत नाही. पहिले काही महिने ती त्याच्या पायांत अडकते, हलते, कशालाही लागते. शिकण्यात बराच काळ जातो. पुढचे पिलू चार-पाच वर्षांनी. मादी आयुष्यात सात-आठ पिलांहून अधिक क्वचितच वाढविते. पिलू असलेल्या कळपाजवळ जाणे हे माजावरील नराजवळ जाण्याइतकेच घातक आहे, कारण तेथे एक नव्हे, सर्व माद्या मिळून पिलाचे रक्षण करतात.

नाक, कान, डोळे

हत्तीची दृष्टी बेताची. भर उन्हात थोड्या अंतरावरील स्थिर माणूस त्याला नीट दिसत नाही. याची भरपाई नाक करते. सोंड उंचावून तो वारा हुंगतो आणि दूर अंतरावरचे पाणी, पिकलेले फळ, साठविलेले धान्य व माणूस ओळखतो. गडचिरोलीकडे मोहाची फुले व भात घरात साठविण्याची पद्धत आहे. हत्ती घराची भिंत पाडतो ती बहुतेक वेळा या वासामुळे. आत माणसे झोपली आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ज्या गावावरून हत्तींचे जाणे-येणे सुरू आहे तेथे मोह, दारू व धान्य झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, ही साधी गोष्ट प्राण वाचविणारी आहे.

त्याचे ऐकणे तर आपल्या कल्पनेबाहेरचे. कॅथरिन पेन या संशोधिकेस १९८४ मध्ये अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभे असताना हवेत कंप जाणवला, आणि पुढील तपासात असे सिद्ध झाले की हत्ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या अतिशय खालच्या पट्टीत एकमेकांशी बोलतात. हा नाद काही किलोमीटर जातो. दरीच्या दोन बाजूंना चरणारे दोन हत्ती एकाच वेळी थांबतात व एकाच दिशेने वळतात, यात काही दैवी नाही; त्यांनी आपसांत बोलून घेतलेले असते.

हत्ती उत्तम पोहतो आणि कडे चढतो-उतरतो. उडी मात्र मारू शकत नाही, कारण चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जात नाहीत. तथापि यावर विसंबू नये. अंगावर आलेला हत्ती ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने येतो. बांधावरून, झुडपांतून पळणारा माणूस त्याच्यापुढे टिकत नाही.

हे हत्ती आले कोठून

महाराष्ट्र हा हत्तीचा नेहमीचा मुलूख नाही असे आज आपण म्हणतो. परंतु अबुल फझलने आपल्या आईन-इ-अकबरीत, आग्र्याच्या सुभ्यातील रानांपासून थेट वऱ्हाडापर्यंत रानहत्ती आढळतात असे नोंदविले आहे. म्हणजे चार-साडेचार शतकांपूर्वी मध्य भारतातील हत्तींचे रान आपल्या सीमेपर्यंत पोहोचलेले होते. पुढे रान तुटले, हत्ती पकडले गेले, आणि ते पूर्वेस व दक्षिणेस राहिले.

सिंधुदुर्गात आलेले हत्ती उत्तर कर्नाटकातील दांडेली-खानापूरकडील रानांतून सह्याद्रीच्या कडेकडेने आले. तेथील त्यांच्या जुन्या वाटा धरणे, रस्ते व शेती यांनी तोडल्या गेल्या; इकडे तिळारीचे पाणी व बारमाही हिरव्या बागा होत्या. एकदा वाट सापडली की हत्ती ती विसरत नाही. त्यांना परत हाकलण्याचे प्रयत्न झाले, ते पुन्हा आले. २०१५ साली कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यात शिकविलेल्या हत्तींच्या मदतीने तीन नर पकडण्यात आले; त्यांपैकी सर्व जगले नाहीत. २०२० मध्ये तिळारीचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील मोर्ले गावी सकाळी काजूच्या बागेत गेलेला एक वृद्ध शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू पावला; त्यानंतर लोकांचा क्षोभ झाला तो समजण्यासारखा आहे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एक तरुण नर सीमा ओलांडून गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरला. राज्यांच्या सीमा कागदावरच्या असतात; हत्तीला त्यांचा पत्ता नसतो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय गणनेत देशातील रानहत्तींची संख्या २२,४४६ असल्याचा अंदाज देण्यात आला. ही गणना लिदीतील आनुवंशिक द्रव्य तपासून प्रथमच करण्यात आली, त्यामुळे पूर्वीच्या आकड्यांशी तिची सरळ तुलना करता येत नाही. हत्तीच्या हल्ल्यांत देशात दरवर्षी सुमारे पाचशे माणसे मरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्तीचा समावेश असून त्याला मारणे वा इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे हा तर दुहेरी अपराध. अशा तारेने हत्तीबरोबर शेजाऱ्याचा मुलगाही मरतो, आणि असे घडलेले आहे.

गावात हत्ती आला असता

वरील माहितीवरून व्यवहाराच्या काही गोष्टी आपोआप निघतात. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर आपण लपलेले नाही. पहाटे व सायंकाळी एकट्याने बागेत जाऊ नये. काजूच्या हंगामात हे पाळणे कठीण आहे, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे, तरीही दोघा-तिघांनी मिळून, उजाडल्यावर, बोलत जावे. अचानक गाठ पडलेला हत्ती हा हल्ला करणारा हत्ती असतो. आपण येत आहोत हे त्याला आधी कळले तर तो बहुधा सरकतो. किमान शंभर मीटरचे अंतर सोडावे. फटाके व दगड यांनी हत्ती क्षणभर हटतो, पण चिडतो. आणि गर्दी त्याची वाट अडविते. हाकलताना त्याला जाण्यास एक बाजू मोकळी ठेवलीच पाहिजे.

कुंपणाचे अनेक प्रकार आहेत व प्रत्येकाची मर्यादा आहे. चर खणला तर कोकणच्या पावसात त्याच्या कडा ढासळतात, आणि हत्ती पायाने माती लोटून वाट करतो. सौर कुंपणाचा झटका प्राणघातक नसतो व ते उपयोगीही आहे. परंतु तारेला वेली लागू दिल्या की प्रवाह उतरतो. शिवाय सुळ्यांतून वीज जात नाही हे अनुभवाने शिकलेला नर सुळ्यानेच तार तोडतो. कुंपण बसवून विसरून जाणाऱ्याने ते न बसविलेलेच बरे. शेणाच्या गोवरीत मिरचीपूड घालून धुमसत ठेवण्याची पद्धत आसामकडे वापरतात. खर्च कमी, पण वाऱ्याची दिशा अनुकूल हवी. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२१ साली कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात हत्तीच्या वाटांवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. मधमाशी सोंडेत शिरण्याचे भय हत्तीला वाटते. प्रत्येक हत्ती यास भितोच असे नाही, तथापि मधाचे उत्पन्न हातचे राहते, व काजू-नारळाच्या बागेत परागीभवन होते ते वेगळेच. म्हणून लहान बागायतदाराने निदान हा प्रयोग करून पाहावा असे आम्हांस वाटते.

नुकसान झाल्यास भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्यास लेखी कळवावे. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' अशी स्थिती पुष्कळांची होते ती पंचनाम्यापूर्वी बाग साफ केल्यामुळे. पडलेले माड, केळी जागेवरच राहू द्याव्यात; झाडांची संख्या व वय, सातबाराचा उतारा, आणि मोबाईलवर काढलेली छायाचित्रे तयार ठेवावीत. ठसे व लीद यांवर पावसाळ्यात पत्र्याचा तुकडा किंवा टोपली उपडी घालावी, म्हणजे पंच येईपर्यंत त्या खुणा टिकतात.

कार्यकर्त्यांनी गावात एक वही ठेवावी. हत्ती आल्याचा दिनांक, वेळ, कोणत्या वाटेने आला व कोठे गेला, एकटा होता की कळप, सुळे होते की नाही, गालावर ओघळ होता का, कोणते पीक किती खाल्ले व किती तुडविले, आणि पुढच्या पायाच्या ठशाचा परीघ, एवढे त्यात लिहावे. एकाच परिघाचा ठसा दोन-तीन गावांच्या वह्यांत पाठोपाठच्या रात्री आढळला, तर एकच नर कोणत्या क्रमाने फिरतो आहे याचा चांगला अंदाज येतो, आणि पुढच्या गावाला सायंकाळपूर्वी निरोप देता येतो.